लेफ्टनंट वाचला का?

१ मार्च १९२६ रोजी स्टुडिओच्या पगारपत्रकात एक नवी ओळ चढली : 'वाचणारा, दरमहा अठरा रुपये आठ आणे.' असा हुद्दा त्याआधी तिथे कुणालाच नव्हता. ज्याच्यासाठी ती ओळ लिहिली तो मुळात सुतार, आणि ही नोकरी त्याला मिळाली ती त्याला नीट वाचता येत नव्हते म्हणून.

सिनेमा तेव्हा मुका होता. पडद्यावरची माणसे नुसते ओठ हलवत. ती काय बोलली ते काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहून दाखवावे लागे. ती पाटी किती वेळ ठेवायची यावर स्टुडिओत रोज वाद. पाट्यांचा मजकूर लिहिणारे गृहस्थ शिकलेले. त्यांच्या मते चार सेकंद पुष्कळ झाले. फिल्म कापून जोडणारा, ज्याला सगळे कात्रीवाला म्हणत, तोही भरभर वाचणारा. पण थिएटरात पुढच्या स्वस्त बाकांवर बसणारी माणसे अक्षराला अक्षर जोडत वाचत. त्यांचे वाक्य अर्ध्यावर असतानाच पाटी जाई आणि मग ती पाय आपटत. शेवटी मालकांनी तोडगा काढला.

"आपल्याकडे सगळ्यात हळू कोण वाचतं त्याला आणा," ते म्हणाले. "त्याचं वाचून झालं की जगाचं वाचून झालं."

शोधायला लांब जावे लागले नाही. दीड वर्षापूर्वी एका सिनेमासाठी किल्ल्याचा दरवाजा करताना सुताराच्या उजव्या हाताची दोन बोटे करवतीखाली गेली होती. तीन महिने तो घरी पडून होता. मुलगी तेव्हा पहिलीत. ती समोर बसून मोठ्याने धडा म्हणे, आणि हा करमत नाही म्हणून तिच्या पुस्तकात डोके घाली. असा तो बेचाळिसाव्या वर्षी वाचायला शिकला : डाव्या हाताचे बोट ओळीखाली धरून, ओठ हलवत, दर शब्दाला दम घेत. लिहायला शिकला नाही, कारण उजव्या हातात पेन्सिल राहत नसे. रंधाही राहत नसे. मालकांनी त्याला काढले नव्हते एवढेच. खिळे वेचायला आणि रंग ढवळायला ठेवला होता. तीन बोटांच्या सुताराला बाहेर कुणी दारात उभे करणार नाही, हे मालकांनाही माहीत होते आणि त्यालाही.

काम सोपे होते. कात्रीवाल्याच्या खोलीत स्टुलावर बसायचे. कात्रीवाला सेकंदाचे घड्याळ हातात घेऊन पाटी समोर धरी आणि म्हणे, "हं." हा मोठ्याने वाची. वाचून संपले की घड्याळ बंद. एका सेकंदाला एक फूट फिल्म, म्हणजे अकरा सेकंद लागले तर अकरा फूट. कात्रीवाला आकडा वहीत टाकी आणि दुसरी पाटी उचली.

"पाच शब्दांना नऊ सेकंद? आज जेवला नाहीस का?"

"'निष्ठुर' आहे त्यात," सुतार म्हणे. "चढण आहे ती. बैलाला पण थांबावं लागतं."

पंधरा दिवसांत त्याचे नाव सावकाश पडले. पुढे नुसते सावकाश न राहता सावकाशराव झाले. घरी बायकोने ते ऐकले तेव्हा म्हणाली, "बरं आहे. लग्नात माझ्या वडिलांनी हेच नाव ठेवलं होतं, पण तोंडावर कधी बोलले नाहीत."

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी मालकांनी मोठ्या कामाला हात घातला. लोकांनी डोक्यावर घेतलेली एक जाडजूड कादंबरी होती, चारशे बारा पानांची. वेढ्यात सापडलेला किल्ला, किल्लेदाराची मुलगी, तिच्यावर जीव टाकणारा तरुण लेफ्टनंट, आणि त्याला मुद्दाम मरणाच्या वाटेवर धाडणारा सेनापती. किल्लेदाराचा खलिता घेऊन लेफ्टनंटने शत्रूच्या फौजेतून पलीकडे जायचे आणि मदत घेऊन परत यायचे, अशी गोष्ट. स्टुडिओच्या मागच्या मैदानात लाकूड आणि कापडाचा किल्ला उभा राहिला. दरवाजा जुनाच लावला, सावकाशने केलेला. लेफ्टनंटचा पांढरा घोडा एका दूधवाल्याच्या गाडीचा होता. तो दिसायला राजबिंडा, पण दार दिसले की थांबायची त्याला सवय. शत्रूवर चाल करताना तो किल्ल्याच्या दरवाजासमोर आला आणि शांतपणे उभा राहिला. लेफ्टनंटने टाचा मारल्या, लगाम झटकला. घोडा दूध उतरवायची वाट पाहत होता.

सावकाशला हे सगळे खिडकीतून दिसे, पण तुकड्यातुकड्यांत. पाट्याही तशाच येत, जो भाग आधी तयार होईल त्याच्या पाट्या आधी. एके दिवशी त्याने वाचले, 'गोळी खांद्यात आहे, काळजात नाही.' पुढच्या पाटीत किल्लेदार मेजवानीचे आमंत्रण देत होता. कुणाच्या खांद्यात, कुणी मारली, पत्ता नाही. चार दिवस त्याच्या डोक्यात ती गोळी अडकून राहिली. शेवटी त्याने मजकूर लिहिणाऱ्यांना गाठले.

"साहेब, ती गोळी लागली कुणाला?"

"पुस्तक वाच की," ते हसत म्हणाले. "तू सुरू कर, तुझं होईपर्यंत माझा नातू शाळेत जाईल."

टोमणा होता. सावकाशने तो सल्ला समजून घेतला. कोपऱ्यावरच्या वाचनालयात मुलीच्या नावाने पुस्तक मिळे. पंधरा दिवसांची मुदत, दोनदा वाढवून, आणि त्यापुढे दिवसाला एक पैसा. सुट्टीच्या दिवशी तो मुलीला घेऊन गेला आणि कादंबरी घेऊन आला.

पहिल्या दिवशी अर्धे पान झाले. दुसऱ्या दिवशी पाऊण. बायको शेजारी बसून शिवण करी, आणि हा मोठ्याने वाचत असल्यामुळे तिलाही गोष्टीची गोडी लागली. पण तिचा धीर त्याच्याहून कमी.

"लेफ्टनंट वाचला का?" ती विचारी.

"अजून तीनशे सत्तर पानं आहेत."

"पुस्तकाचं कोण विचारतंय? तो वाचला का? जिवानिशी?"

"ते तीनशे सत्तर पानं वाचली की कळेल."

मुलगी खो खो हसे. पुढे तो घरातला ठरलेला विनोद झाला. तो कामावरून आला की चपला काढायच्या आत दोघी एका सुरात विचारत, "लेफ्टनंट वाचला का?"

दोनशेव्या पानाच्या आसपास कधीतरी ते घडले. खलिता घेऊन निघालेला लेफ्टनंट नदीच्या काठी झुडपात लपला होता आणि शत्रूचे शिपाई भाल्यांनी झुडपे चाचपत होते. सावकाश पानाच्या तळाशी पोचला, पान उलटायला हात उचलायला गेला, आणि त्याच्या ध्यानात आले की बोट अजून पानाच्या मध्यावरच आहे. डोळे पुढे निघून गेले होते. बोट मागे राहिले होते.

त्याला आधी आनंदच झाला. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मात्र रस्त्याचे रूप बदललेले दिसले. आजवर दुकानांवरच्या पाट्या त्याच्या लेखी रंगीत फळ्या होत्या. वाचायची असेल तर थांबून वाचायची. आता त्या थांबू देईनात. 'उधार बंद आहे', 'चष्मे स्वस्त मिळतील', 'भिंतीला टेकू नये', सगळे त्याच्यावर चालून येत होते. नजर वळवली तरी वाचून झालेले असे. त्याने डोळे मिटले, तर एका सायकलवाल्याने शिव्या दिल्या.

स्टुडिओच्या दाराशी पोचेपर्यंत त्याला कळून चुकले होते की हा आपल्या पोटावर पाय आहे.

त्याने घरी बायकोला सांगितले. "मला हळू वाचवत नाही गं."

"कुणाला वाचवत नाही?"

"कुणाला नाही. वाचवत नाही. वाचायला गेलं की होऊनच जातं."

"मग पुस्तक मिटून ठेव थोडे दिवस. मोडेल सवय."

त्याने पुस्तक फडताळात टाकले. सवय मोडली नाही. उलट शिळ्या वर्तमानपत्राचा जो कागद हाती येई तो घडी उलगडायच्या आत संपे. त्याने मुलीच्या पुस्तकातला जुना धडा काढून पूर्वीसारखे अक्षर अक्षर जोडून पाहिले. पण एकदा 'घर' दिसल्यावर त्यातला 'घ' वेगळा दिसेना. पोहता येणाऱ्याने बुडून दाखवावे तसे ते होते. चौथ्या दिवशी त्याने पुस्तक परत काढले. नाहीतरी व्हायचे ते झाले होते, मग लेफ्टनंटला झुडपात का ठेवायचे?

कामावर तो नाटक करू लागला. दर अक्षरामागे मनात एक-दोन मोजायचे आणि मग पुढचे बोलायचे. जोडाक्षर आले की घसा खाकरायचा. घाम फुटे, पण आकडे जवळपास पूर्वीचेच येत. कात्रीवाल्याला संशय आला नाही. त्याच्यामागे वेगळीच घाई होती : चार दिवसांत सिनेमा पुरा करायचा होता.

आणि मग सत्त्याऐंशी नंबरची पाटी आली. लेफ्टनंटचे पत्र.

पुस्तकात ते तीनशे अकराव्या पानावर होते. सावकाशने ते घरी किमान चाळीस वेळा वाचले होते. पहिल्यांदा वाचले तेव्हा बायकोने शिवण खाली ठेवली होती. नंतर ती म्हणे, "ते पत्र वाचा ना," आणि तो पुस्तक न उघडताच म्हणून दाखवी. आता तेच पांढऱ्या अक्षरांत समोर उभे होते.

"हं," कात्रीवाला म्हणाला.

'प्रिये, मी परत येणार नाही असे तुला कुणी सांगितले तर खरे मानू नकोस. खिडकीत दिवा ठेव.'

मोजणे राहिले, खाकरणे राहिले. पाटीकडे नजर गेली आणि ते तोंडातून निघून गेले, घरी निघे तसेच.

"सात," कात्रीवाल्याने घड्याळ बंद केले आणि मान वर केली. "सात? पाठ केलंस काय रे?"

पुन्हा घे, असे म्हणायला सावकाशने तोंड उघडले. पण मग का, असे कात्रीवाल्याने विचारले असते. "अक्षरं मोठी आहेत ना," तो म्हणाला.

"खरं आहे. आणि मालक ओरडतायत फिल्म लांब होतेय म्हणून. बरं झालं." कात्रीवाल्याने वहीत सात लिहिले आणि पुढची पाटी उचलली.

पहिला खेळ शनिवारी दुपारी तीनला होता. स्टुडिओच्या लोकांना मागच्या खुर्च्या होत्या, पण सावकाश बायको आणि मुलीला घेऊन पुढच्या बाकांवर बसला. आपली माणसे इथेच बसतात, असे त्याला वाटे. पाटी आली की सगळ्या बाकांवरून गुणगुण उठे. शेदीडशे माणसे ओठ हलवत एकदम वाचत. ती गुणगुण संपे आणि मग पाटी जाई, बरोबर वेळेवर. त्या आवाजात सावकाशला आपलाच आवाज ऐकू येई. एवढे चांगले काम आपल्या हातून आधी कधी झाले नव्हते, असे त्याला पहिला तासभर वाटत राहिले.

मग पत्राची पाटी आली. बाकांवरून आवाज उठला : "प्रि…ये… मी… परत… येणार… नाही…"

पाटी गेली.

सावकाशचे दोनदा वाचून झाले होते.

मग मागची बाई शेजारणीला म्हणाली, "गेला बघ सोडून. सगळे एका माळेचे."

पडद्यावर किल्लेदाराच्या मुलीने पत्र छातीशी धरले आणि ती हसली.

"हसतेय काय वेडी?" कुणीतरी म्हणाले.

तिने खिडकीत दिवा ठेवला. बाकांवर हशा पिकला. सावकाश उठून उभा राहिला. "असं तुला कुणी सांगितलं तर…" तो म्हणाला, "तर खरं मानू नकोस, असं आहे पुढं…"

"ए, खाली बस."

"पत्रात पुढं आहे…"

"पत्र आम्ही पण वाचलंय. बस."

बायकोने सदरा ओढून त्याला बसवले. पुढचा पाऊण तास तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. जखमी लेफ्टनंट मदतीची फौज घेऊन पांढऱ्या घोड्यावरून किल्ल्याच्या दाराशी आला, घोडा न सांगता थांबला, आणि सबंध थिएटर ओरडले, "दार उघडू नकोस, बाई!" तिने दार उघडले तेव्हा लोक उठून जाऊ लागले होते. तो दरवाजा सावकाशने केलेला होता, हे मुलीने शेजारच्या माणसाला सांगितले. त्या माणसाने ऐकले नाही.

सोमवारी मालकांनी कात्रीवाल्याला बोलावून घेतले. वही उघडली : सत्त्याऐंशी, सात फूट. घड्याळ घड्याळजीकडे पाठवले. ते बरोबर चालत होते. घड्याळ बरोबर असेल तर माणूस चुकला, एवढाच हिशेब उरत होता. कात्रीवाल्याला आठवडाअखेर हिशेब करून जायला सांगितले. तो खोलीत येऊन कात्र्या पुसत बसला.

"तू वाचलंस सातात, मी लिहिलं सात," तो म्हणाला. "पण मला कसं वाटलं नाही, की सावकाशला सातात कसं होईल? चूक माझीच म्हणायची."

सावकाश मालकांच्या खोलीत गेला. आत जायच्या आधी दारावरची पाटी त्याने वाचली, 'परवानगीशिवाय आत येऊ नये.' पूर्वी तिथे काय लिहिले आहे ते त्याला कधी माहीत नव्हते, म्हणून तो सरळ जाई. आज बाहेर थांबला.

"मालक, कात्रीवाल्याची चूक नाही. मी भरभर वाचलं."

मालकांनी वर पाहिले. "तू? तू आणि भरभर? बाबा, मैत्री मला समजते. पण काहीतरी पटेल असं बोल."

"खरं सांगतोय. मला आता हळू वाचवत नाही."

मालकांनी टेबलावरचे वर्तमानपत्र उचलून समोर टाकले. "वाच."

त्याने वाचले. गहू महागल्याची बातमी होती. मग पूल वाहून गेल्याची. मालकांनी हाताने 'पुरे' म्हटले, पण तो ओळीच्या मध्ये होता आणि मध्ये थांबता येईना. हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीपर्यंत तो थेट गेला. 'निष्ठुर' कुठे आला असता तरी चढण लागली नसती. वाचून झाल्यावर त्याने कागदाची घडी घातली.

मालकांनी ती घडी हातात घेतली.

"छान वाचतोस," ते म्हणाले. रागावलेले नव्हते, हेच अवघड होते. "माझा मोठा मुलगा इतकं चांगलं वाचत नाही. आता तूच सांग, मी तुझं काय करू?"

"खिळे वेचीन."

"त्या जागेवर दुसरा ठेवलाय, तुला हा हुद्दा दिला तेव्हाच. त्याला काय म्हणून काढू?"

सावकाश दाराकडे वळला.

कात्रीवाला राहिला. पाटी नव्याने मोजायची ठरले, आणि वाचणारा म्हणून कपडेपटातल्या मावशींना बोलावले. त्या शिपायांच्या कोटांना बटणे लावायच्या आणि धोब्याच्या चिठ्ठ्या वाचता येतील एवढेच त्यांचे शिक्षण. गुरुवारी सावकाश उरलेला पगार घ्यायला आला तेव्हा खोलीचे दार ओढलेले होते. आतून कात्रीवाल्याचे "हं" ऐकू आले.

"प… रि…" मावशी म्हणाल्या. "हे काय आहे? पाय मोडलाय याचा."

"सांगायचं नाही, मावशी. तुम्हीच वाचायचं."

"प्रि… ये… मी… पर…"

सावकाश भिंतीला टेकून उभा राहिला. 'येणार' जिभेच्या टोकावर आला होता. तो त्याने ओठ दाबून धरला. मावशींनी 'सांगितले'पाशी दोनदा हात टेकले आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली.

"चाळीस," शेवटी कात्रीवाल्याचा आवाज आला. "छान, मावशी. एक नंबर."

दार उघडून कात्रीवाला बाहेर आला. दोघे समोरासमोर उभे राहिले.

"अरे, मी बोललो मालकांशी," कात्रीवाला म्हणाला. "दोनदा बोललो."

"माहीत आहे मला."

"काही लागलं तर सांग."

"हो."

पगार घेऊन तो रस्त्याने घरी निघाला. पाट्या येतच होत्या. एका पेढीच्या काचेवर चिकटवलेला कागद त्याने चालता चालता वाचला : 'पत्रव्यवहारासाठी लिहिता-वाचता येणारा मनुष्य पाहिजे.' तो थांबला. मग उजवा हात खिशात घालून पुढे गेला.

घरी आज दोघींनी विनोद केला नाही. बायकोने पाणी आणून ठेवले आणि शेजारी बसली. थोड्या वेळाने तिनेच फडताळातून पुस्तक काढले. पाटीची भानगड झाल्यापासून त्याने ते उघडले नव्हते; शेवटची अकरा पाने तशीच होती. सिनेमा दरवाजापाशी संपला होता, पुस्तक त्याच्या पुढे जात होते.

"आता वाचा," ती म्हणाली. "आता कुणाची भीती आहे?"

त्याने वाचले. मोठ्याने वाचायचे राहून गेले. मनातल्या मनातच झाले. तिची सुई एका बाहीवरून दुसऱ्या बाहीवर जायच्या आत पुस्तक संपले.

"लेफ्टनंट वाचला का?" तिने विचारले.

"वाचला. खांदा कामातून गेला. पण वाचला."

"आणि मग?"

"तो परत आला तेव्हा पलटणीत त्याची जागा भरली होती."

"मग काय करतो?"

"पुस्तकात नाही."

दुसऱ्या दिवशी तो पुस्तक परत करायला वाचनालयात गेला. मुदत उलटून छत्तीस दिवस झाले होते, म्हणजे छत्तीस पैसे, आण्याला चार या हिशेबाने नऊ आणे. त्याने दोन आणे दिले. सात आणे अजून द्यायचे आहेत.